आगाऊ रक्कम घेण्याआधी पासपोर्ट उघडून बघा : परदेशी क्रूझ विकणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
परदेशी क्रूझ सहली विकणाऱ्या टूर कंपन्या, त्यांच्या शाखा आणि गावोगावचे बुकिंग एजंट यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सहलींचा तुमचा फलक आमच्या एस.टी. स्टँडसमोर लागलाय. निळं पाणी, पांढरंशुभ्र जहाज, ‘सिंगापूर-मलेशिया-थायलंड, आलिशान क्रूझसह’. आणि अगदी खाली, चष्मा लावल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत : ‘वैध ओळखपत्र आवश्यक. कागदपत्रांची संपूर्ण जबाबदारी प्रवाशाची राहील.’ हेच वाक्य तुमच्यातल्या एका कंपनीने माझ्या मामांना त्यांच्या तक्रारीचं उत्तर म्हणून पाठवलं. वर ‘डिअर सर’, खाली ‘टीम कस्टमर केअर’, मधे एवढीच ओळ. मामांनी ते पत्र घडी घालून कपाटात ठेवून दिलं. मला ते जमत नाही, म्हणून चार लोकांसमोर लिहितोय.

आधी मी कोण ते सांगतो. तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, पॅन, आणि पासपोर्ट. 2017 पासून पोस्टात पासपोर्टची केंद्रं निघायला लागली आणि पूर्वी ज्यांनी पासपोर्टचा विचारही केला नसता ती माणसं दुकानात येऊ लागली. द्राक्षवाले, निवृत्त शिक्षक, अंगणवाडीच्या ताई. त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात तुमचंच माहितीपत्रक असतं. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक तुमच्याकडून निघून माझ्याकडे येतं, आणि तुम्ही काय सांगितलंत, काय सांगायचं राहिलं, हे मला त्याच्या प्रश्नांवरून कळतं.

मामा एस.टी.च्या विभागीय कार्यशाळेतून निवृत्त झाले. मामी समुद्रात उतरल्या असतील त्या गणपतीपुळ्याला, घोट्यापर्यंत. मुलींची लग्नं उरकल्यावर ग्रॅच्युइटीतले थोडे पैसे त्यांनी या क्रूझसाठी बाजूला काढले होते. विमानाने सिंगापूर, तिथे दोन रात्री, मग जहाजाने पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूर, तिथून मुंबई, असा बेत. व्हिसाचे पैसे कंपनीकडेच भरले. पासपोर्टही तिच्याकडेच दिले. ते परत मिळाले थेट मुंबई विमानतळाच्या गेटबाहेर, टूर मॅनेजरच्या हातून, आत व्हिसाचा कागद घडी करून खोचलेला.

सिंगापुरात उतरताना काही अडलं नाही. अडलं ते जहाजाच्या काउंटरवर. तिथल्या मुलीने कागद पाहिला, शेजारच्याला दाखवला, मग मॅनेजरला बोलावलं. दोघांचाही व्हिसा एकदाच प्रवेश करण्याचा, सिंगल एन्ट्रीचा होता, आणि तो प्रवेश विमानतळावर उतरताना वापरून झाला होता. जहाज सिंगापूर सोडून गेलं की परत येणं हा दुसरा प्रवेश. त्यासाठी मल्टिपल एन्ट्रीचा व्हिसा लागतो. असा व्हिसा नसलेल्या माणसाला जहाजवाले चढू देत नाहीत, कारण परतल्यावर इमिग्रेशनने अडवलं तर तो त्यांच्याच गळ्यात पडतो. त्या ग्रुपमधल्या बाकी सगळ्यांकडे मल्टिपल एन्ट्री होती. या दोघांकडे नव्हती. टूर मॅनेजर बाकीच्यांबरोबर वर गेला. त्याचंही बरोबर, पन्नास माणसं सोडून तो कुठे थांबणार? मामा-मामी बॅगा घेऊन टर्मिनलवर राहिले. हॉटेल पदरचं, बदललेलं विमानाचं तिकीट पदरचं. क्रूझचे पैसे हिशेबात ‘नो शो’ म्हणून गेले. काउंटरपर्यंत जाऊन उभी राहिलेली माणसं ‘आलीच नाहीत’ म्हणून!

आता त्या एका ओळीकडे येतो. जबाबदारी प्रवाशाची म्हणता, तर प्रवाशाच्या हातात काय होतं ते सांगा. सिंगापूरच्या व्हिसासाठी आपल्याकडचा साधा माणूस स्वतः फॉर्म घेऊन दूतावासाच्या खिडकीवर जाऊ शकत नाही. सिंगापुरात कोणी अर्ज करणारं नसेल तर अधिकृत एजंटामार्फतच जावं लागतं. फॉर्म 14ए तुम्ही भरला. फोटो तुम्ही चिकटवला. शुल्क तुम्ही भरलं, त्यावर तुमचा सेवा आकार लावलात. उत्तर तुमच्या ई-मेलवर आलं. किती वेळा प्रवेश द्यायचा हे सिंगापूर ठरवतं, मान्य. पण आलेला कागद वाचणं तर तुमच्या हातात होतं ना? जहाज परत सिंगापूरलाच लागणार आहे हे तुमच्याच माहितीपत्रकात छापलंय. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायला पाच मिनिटंही लागली नसती, आणि तेव्हा बघितलं असतं तर नवा अर्ज करायला वेळही होता.

या सहलींच्या बाबतीत गोंधळ वाढायला आणखी एक कारण झालंय. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना व्हिसाची सूट दिली. थायलंडने त्याच्या थोडं आधी, नोव्हेंबरात. लगेच तुमच्या जाहिरातींत ‘व्हिसा फ्री क्रूझ’ झळकायला लागलं. पण जहाज निघतं सिंगापूरहून, आणि सिंगापूरने अशी सूट दिलेली नाही. तिन्ही देशांची नावं एका ओळीत आणि त्यावर ‘व्हिसा फ्री’ची पट्टी, हे वाचून माणूस काय समजेल? शिवाय अशा सवलती मुदतीच्या असतात, वाढतात, बंदही होतात. गेल्या वर्षीचं पत्रक तारीख बदलून पुन्हा छापलं की काम भागत नाही. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड वेगळंच. ते पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि सरकारी साइटवर फुकट असतं. लोक माझ्याकडे येतात तेव्हा कुणीतरी त्याचे पैसे आधीच उकळलेले असतात. तुम्ही तुमच्या पत्रकात एक ओळ छापलीत तर ते थांबेल.

दुसरी तक्रार आधार कार्डाची. तुमच्यातले बरेच जण एकाच पत्रकावर दोन प्रकारच्या क्रूझ विकतात. एक मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणारी आणि दुसरी परदेशी. खाली ओळखपत्राची ओळ मात्र एकच. मुंबई-गोवा करायला आधार चालतं, मतदार कार्ड चालतं. जहाज देशाबाहेरच्या बंदराला लागणार असेल तर आधार घरी ठेवलं काय आणि नेलं काय, सारखंच. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे खुद्द 2016 च्या आधार कायद्यातच लिहिलंय. विमानाने नेपाळला जायचं म्हटलं तरी पासपोर्ट किंवा मतदार कार्ड लागतं. मधल्या वयाच्या माणसाचं आधार तिथेही पुरत नाही. हे मी दुकानात रोज सांगतो. पण लोक म्हणतात, ‘अहो, त्यांनी आयडी म्हटलंय, पासपोर्ट कुठे म्हटलंय?’ यावर मी काय बोलू? म्हटलेलं नसतं हे खरंच असतं.

त्यात आणखी एक फॉरवर्ड फिरतोय, ‘क्रूझला पासपोर्ट लागत नाही’. बरोबर व्हिडिओ, त्यात एक गोरं कुटुंब जन्मदाखला दाखवून जहाजात चढतंय. हे खोटं नाही, पण आपल्यासाठी नाही. अमेरिकेच्या बंदरातून निघून त्याच बंदरात परत येणाऱ्या, कॅरिबियन-बहामाज वगैरे फिरणाऱ्या क्रूझवर अमेरिकी नागरिकाला जन्मदाखला आणि सरकारी फोटो ओळखपत्रावर परत येऊ देतात. सवलत त्यांच्या नागरिकांना आहे, जहाजावरच्या सगळ्यांना नव्हे. न्यू जर्सीतलं एखादं मराठी कुटुंब घ्या. तिथे जन्मलेल्या नातवाला जन्मदाखला पुरेल. ग्रीन कार्डवाल्या सुनेला ग्रीन कार्ड आणि भारतीय पासपोर्ट बरोबर हवा. एच-1बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मुलाच्या पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का चालू तारखेचा हवा. नुसता मंजुरीचा आय-797 कागद घेऊन बहामाजहून परत येता येत नाही. कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीला शिक्का संपलेल्यांसाठी जी सवलत आहे, ती बेटांवर एच-1बी वाल्यांना लागू नाही. आणि इथून गेलेल्या आजीला पासपोर्ट आणि बी-2 म्हणजे पर्यटकाचा व्हिसा. एका केबिनमधली चार माणसं, चौघांची कागदपत्रं वेगळी. केबिनचं बुकिंग एका नावावर होतं, म्हणून कागदपत्रांचाही प्रश्न एकदाच विचारायचा ही तुमची पद्धत इथे उघडी पडते.

तुमच्यातले काही जण ‘अमेरिकेला मुलांकडे जाताय? जोडीला अलास्का करा’ असंही विकतात. छान आहे, जरूर विका. पण सिएटलहून सुटणारी अलास्काची मोठी जहाजं वाटेत कॅनडाच्या व्हिक्टोरियाला थांबतात, ते का हे गिऱ्हाइकाला सांगा. ही जहाजं अमेरिकेत नोंदलेली नसतात. 1886 सालच्या एका अमेरिकी कायद्याने परदेशी जहाजाला नुसत्या अमेरिकी बंदरांमधून प्रवासी फिरवता येत नाहीत, मधे परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून अलास्का अमेरिकेत आणि सिएटलही अमेरिकेत असूनही आपल्या काका-काकूंना कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा हातात असला तरीही. ग्रीन कार्ड असलेल्या मुलाला मात्र कॅनडाच्या व्हिसाची गरज नाही, त्यामुळे त्याच्या डोक्यातही हे येत नाही. ‘आम्हाला नाही लागला, तुम्हाला कशाला लागेल?’ मुलगा प्रेमापोटी बोलतो. तुम्ही धंदा करता, तुम्हाला असं अंदाजाने बोलून चालणार नाही.

युरोपचंही तेच. अथेन्सहून निघणारी ग्रीक बेटांची जहाजं बऱ्याचदा तुर्कस्तानच्या कुशादासीला लागतात. तिथे जाणं म्हणजे शेंगेनबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर जाणं आणि अथेन्सला परत येणं म्हणजे पुन्हा आत येणं. तिथेही मल्टिपल एन्ट्रीच हवी. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 ला शेंगेनमध्ये आला, म्हणजे त्याआधीचे प्रवाशांचे अनुभव आता उपयोगाचे नाहीत. जहाज कुठे लागतं आणि त्या तारखेला तो देश कुठल्या गटात आहे, हे बघणं तुमचंच काम. मामांनी आयुष्यभर एस.टी.ची इंजिनं दुरुस्त केली, त्यांनी शेंगेनचा नकाशा पाठ करावा अशी अपेक्षा धरू नका.

तिसरी तक्रार नावांची. ही मला सगळ्यात जवळून माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी. शिंदे सुनंदा रामचंद्र. काही जणांचं आधारही त्याच क्रमाने निघालेलं असतं. पासपोर्टवर मात्र दोन रकाने : आडनाव एका ओळीत आणि खालच्या ओळीत ‘सुनंदा रामचंद्र’ एकत्र. तुमच्या कार्यालयातली मुलगी व्हॉट्सअॅपवर आलेल्या आधारच्या फोटोवरून बुकिंग करते. मग विमानाच्या तिकिटावर पहिलं नाव शिंदे होतं, क्रूझच्या यादीत ‘सुनंदा शिंदे’, व्हिसावर ‘शिंदे, सुनंदा रामचंद्र’. मुंबईत एखादा भला कर्मचारी समजून घेईल. परदेशी बंदरावरचा माणूस कशाला घेईल? त्याच्या दृष्टीने या तीन वेगळ्या बाया.

बायकांचं तर विचारूच नका. माझ्याकडे अर्ज भरायला येणाऱ्या साठीपुढच्या बायकांमध्ये लग्नात नुसतं आडनावच नाही, पाळण्यातलं नावही बदललेल्या कितीतरी जणी असतात. शाळेचा दाखला ‘मंगल’चा, आधार ‘सुनंदा’चं, बँकेचं पासबुक ‘सौ. सुनंदा’चं. काहींच्या जुन्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच आहे, सगळं नाव खालच्या ओळीत. दुबईहून निघणाऱ्या क्रूझ तुम्ही हिवाळ्यात जोरात विकता. यूएईने नोव्हेंबर 2022 पासून एकेरी नाव असलेल्या पासपोर्टवर बंधनं घातलीत, हे बुकिंगच्या वेळी सांगितलंत तर त्या बाईला आडनाव घालून पासपोर्ट पुन्हा काढायला वेळ मिळेल. आदल्या आठवड्यात सांगून काय उपयोग?

जन्मतारखेचं काय सांगावं! आमच्या भागात एका पिढीचा निम्मा गाव 1 जूनला जन्मलाय. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिली ती तारीख. आधारवर काहींचं नुसतं सालच. पासपोर्टवर तिसरी. घरच्या वाढदिवसाला काय कापायचं ते कापा, बुकिंगमध्ये पासपोर्टवरचीच तारीख जायला हवी. त्यासाठी पासपोर्ट बघावा लागतो. पुढचं पान आणि शेवटचं पान, दोन्ही. शेवटच्या पानावर आई-वडिलांची, जोडीदाराची नावं आणि पत्ता असतो. मी झेरॉक्स काढतो तेव्हा दोन्ही पानांची काढतो. तुम्ही मागता फक्त पुढचं, तेही कधीकधी, सगळ्यांकडून नाही.

चौथी गोष्ट मुदतीची. पासपोर्टवरची तारीख संपली नाही म्हणजे पासपोर्ट चालतो, असं लोकांना वाटतं. सिंगापूरला प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने शिल्लक लागतात. शेंगेनला निघण्याच्या तारखेनंतर तीन महिने, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. आमच्या आळीतल्या एका जोडप्याची बुकिंगची रक्कम तुमच्यातल्या एका एजंटाने जानेवारीत घेतली, सहल मेमधली. पासपोर्ट संपत होता ऑगस्टमध्ये. कुणी बघितलं नाही. एप्रिलमध्ये व्हिसाला पाठवताना कळलं. मग तत्काळ. साध्या 36 पानी पासपोर्टचे दीड हजार आणि तत्काळचे वरचे दोन हजार, दोघांचे मिळून सात हजार. शिवाय व्हिसा पासपोर्टच्या नंबरावर निघतो, त्यामुळे तुमच्या यादीतला जुना नंबर बदलला का, हे विचारायला तेच दोघं चार वेळा फोन करत बसले. मुलांचा पासपोर्ट तर पाचच वर्षांचा असतो. नातू आजी-आजोबांबरोबर एकटा जाणार असेल तर बऱ्याच क्रूझ कंपन्या आई-वडिलांचं संमतिपत्र मागतात, तेही आधी सांगा. आणि 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून आता जन्मदाखलाच चालतो. दवाखान्याच्या कार्डावर भागत नाही.

पाचवी तक्रार थोडी नाजूक आहे. पासपोर्ट तुम्ही व्हिसासाठी घेता आणि विमानतळावर परत देता. ‘हरवतील, विसरतील’ म्हणून सांभाळतो, असं कारण देता. पासपोर्ट कायद्याने केंद्र सरकारच्या मालकीचा असतो. तो धारकाजवळ राहावा, एजंटाच्या ड्रॉवरमध्ये नाही. पण कायदा बाजूला ठेवा. व्हिसाचा कागद विमानतळाच्या गेटवर पहिल्यांदा हातात येत असेल, तर ‘प्रवाशाने तपासावा’ हे म्हणायला तुम्हाला तोंड कुठे आहे? ट्रॉली ढकलत, नातेवाइकांचे हार सांभाळत तो काय तपासणार? पुढे जहाजावर चढताना बऱ्याचदा पासपोर्ट पुन्हा जमा होतात आणि हातात केबिनचं कार्ड येतं. बंदरावर उतरायचं ते त्या कार्डावर. खिशात निदान झेरॉक्स असू द्या, हे सांगायलाही कुणी नसतं.

मामांनी सही केलेला तुमचा बुकिंग फॉर्म माझ्यासमोर आहे. चार पानं, सगळी इंग्रजी, अक्षर मुंगीएवढं. शेवटच्या पानावर तळाशी मामांची सही, स्वच्छ मराठीत, खाली तारीख. ज्या कलमाखाली ती सही आहे त्यात म्हटलंय की व्हिसा, पासपोर्ट, ओळखपत्र यांतली कुठलीही चूक, कोणाचीही असो, कंपनीला बंधनकारक नाही. ‘कोणाचीही’ म्हणजे तुमचीसुद्धा. मराठीत सही करणाऱ्या माणसाला चार पानं इंग्रजीत देऊन घेतलेली ही कबुली आहे, आणि तीच आज त्यांना उत्तर म्हणून दाखवली जातेय.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी कशाला म्हणायचं ते लिहिलंय. ग्राहकाला हवी असलेली माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा त्यात त्रुटी धरलीय. त्याच कायद्यात ‘अन्याय्य करार’ अशीही व्याख्या आहे, आणि राज्य व राष्ट्रीय आयोगाला अशी कलमं रद्द ठरवता येतात. मी वकील नाही. पण फॉर्म भरून देण्याच्या धंद्यात बारीक अक्षर वाचायची सवय लागते. मामा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवतील, जिल्हा आयोगातही जातील, कागद मी करून देतोय. तो त्यांचा मामला. या पत्रातल्या मागण्या पुढच्या लोकांसाठी आहेत.

मागण्या अशा :

आगाऊ रक्कम घेण्याआधी प्रत्येक प्रवाशाचा पासपोर्ट उघडून बघा. पासपोर्ट नसेल तर परदेशी क्रूझचं बुकिंग घेऊ नका, आधी पासपोर्ट काढायला सांगा. नाव आणि जन्मतारीख फक्त त्याच्यावरूनच घ्या, आधारवरून नाही.

प्रत्येक प्रवाशाला, प्रत्येक कुटुंबाला नव्हे, एक पान मराठीत द्या. त्यावर जहाज कुठल्या कुठल्या देशांना लागणार, कुठल्या देशाचा व्हिसा लागतो, किती वेळा प्रवेशाचा लागतो, तो कोण काढणार, पासपोर्ट कधीपर्यंत चालू हवा, हे लिहा. खाली तुमच्या माणसाची सही हवी, नावासकट. प्रवाशाची सही घेताच ना, तशीच.

व्हिसा आला की त्याची प्रत त्याच दिवशी प्रवाशाच्या फोनवर पाठवा आणि मूळ पासपोर्ट निघण्याच्या निदान पंधरा दिवस आधी घरी पोहोचवा. ज्यांना सांभाळायला भीती वाटते ते स्वतःहून तुमच्याकडे ठेवतील.

व्हिसाचे पैसे ज्याने घेतले, चुकीचा व्हिसा निघाला तर नुकसानही त्याने सोसावं. प्रवाशाने खोटी माहिती दिली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा खुशाल त्याच्यावर ढकला. पण ‘कोणाचीही चूक’ हे कलम फॉर्ममधून काढा.

चढताना कुणी मागे राहिलं तर त्याच्यासाठी त्या शहरात एक फोन नंबर असू द्या, मराठी किंवा हिंदी बोलणारा, जो तिकीट आणि खोली बघेल. मॅनेजर जहाजावर गेल्यावर पासष्टी ओलांडलेली दोन माणसं अनोळखी देशात काय करतील, याचं उत्तर तुमच्या कुठल्याही पत्रकात नाही.

आणि देशांतर्गत क्रूझचं आणि परदेशी क्रूझचं पत्रक वेगळं छापा. कागद वाचवून फार बचत होत नाही.

हे सगळं जगावेगळं नाही. तुमच्यातले काही एजंट आजही फोन करून विचारतात, ‘दादा, पासपोर्टचं शेवटचं पान पाठवा ना’. त्यांचे गिऱ्हाईक माझ्याकडे धावत येत नाहीत, त्यामुळे माझ्या गल्ल्यात कमी पडतं, त्याचं मला काही वाटत नाही. अशांमुळेच साध्या पगाराची, निवृत्त झालेली माणसं परदेशी जहाजावर जाऊ शकली, हेही खरं. मागणी एवढीच की ते काही जण करतात ते सगळ्यांनी करावं, आणि न करणाऱ्यांनी त्याचं बिल प्रवाशाच्या नावे फाडू नये.

दिवाळीच्या बुकिंगला अजून वेळ आहे. ज्या कंपनीचं मराठीतलं, सही केलेलं पान माझ्याकडे येईल, ते मी दुकानाच्या काचेवर लावीन, कंपनीच्या नावासकट. पासपोर्टचा फॉर्म भरायला आलेला प्रत्येक जण ते वाचेल. ज्यांचं येणार नाही त्यांच्याबद्दल कुणी विचारलं, तर त्यांचं पान आलेलं नाही, एवढंच सांगेन.

आपला,
ऑनलाइन फॉर्मवाला
(तालुक्याच्या गावाहून)